रियाझ किती आणि कसा : शोपाँच्या पहिल्या बॅलडच्या निमित्तानं

आपल्याकडे रियाझाच्या गोष्टी तासांत सांगितल्या जातात. कोणी पहाटे तीनला उठून षड्ज लावत असे, कोणी केसांना दोरी बांधून ती छताच्या कडीला अडकवत असे, म्हणजे डुलकी आली की हिसका बसावा. ऐकणारा भारावून जातो आणि त्या तासांत नेमकं काय चाललं होतं, हे विचारायचं राहून जातं. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रेडरिक शोपाँकडे शिकणारी कामीय ओमेरा (पुढे मादाम द्युब्वा) हिनं सांगितलेली आठवण या पार्श्वभूमीवर गंमतीची वाटते. आपण रोज सहा तास सराव करतो, असं तिच्या तोंडून ऐकल्यावर शाबासकी मिळण्याऐवजी शोपाँ रागावला आणि तीन तासांच्या वर बसायचं नाही, अशी त्यानं तंबीच दिली. पोटापाण्यासाठी दिवसाला चार-पाच शिकवण्या करणारा हा माणूस कष्टाला नाक मुरडणारा नक्कीच नव्हता. त्याला भीती होती ती वेगळ्या गोष्टीची. कान झोपलेला आणि बोटं धावताहेत, अशा सरावानं विद्यार्थी बथ्थड होतो, असं त्याचं मत होतं.

हे मत कितपत खरं आहे, हे पाहायचं तर त्याचीच एखादी अवघड रचना घ्यावी. मी इथे घेतली आहे जी मायनरमधली पहिली बॅलड, ओपस २३. ती १८३६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा शोपाँ सव्वीस वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो लाइपझिगला रॉबर्ट शुमानला भेटला. तुमच्या रचनांमध्ये मला ही सर्वांत आवडते, असं शुमान म्हणाला. त्यावर बराच वेळ गप्प राहून, मलाही तीच सर्वांत आवडते, असं शोपाँनं ठासून सांगितलं. शुमाननं हे आपला जुना गुरू हाइनरिख डोर्न याला पत्रात कळवलं आहे.

आपल्यापैकी अनेकांनी ही बॅलड नकळत ऐकलेली असते. रोमान पोलान्स्कीच्या ‘द पियानिस्ट’ या २००२ च्या चित्रपटात उद्ध्वस्त वॉर्सातल्या रिकाम्या घरात जर्मन अधिकाऱ्यापुढे श्पिलमान जे वाजवतो, ती हीच, थोडी कापलेली. प्रत्यक्षात श्पिलमानांनी त्या दिवशी शोपाँचंच सी शार्प मायनर नॉक्टर्न वाजवलं होतं. ते कितीतरी सोपं आहे. महिनोन् महिने पियानोला हात न लावलेल्या, उपाशी माणसाला बॅलडचा शेवट झेपला असता का, हा प्रश्न दिग्दर्शकानं बाजूला ठेवला. सिनेमाच्या दृष्टीनं त्यानं योग्यच केलं.

रचना आहे २६४ बारांची, म्हणजे तालाच्या तितक्या कप्प्यांची, आणि वाजायला साधारण नऊ-दहा मिनिटं लागतात. तिचा नकाशा आधी समोर हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सुरुवातीला सात बारांची संथ, जड प्रस्तावना. मग पहिली धून, सहा मात्रांच्या झोक्यावर चालणारी, प्रत्येक वाक्यानंतर जरा थबकणारी. तिच्यातून खळबळ वाढत जाते, ओसरते आणि दुसरी धून येते, अगदी हलक्या आवाजात, ई फ्लॅट मेजरमध्ये. मग पहिली धून वेगळ्या पट्टीत, ए मायनरमध्ये, अस्वस्थ होऊन येते आणि तिच्या चढावरून दुसरी धून ए मेजरमध्ये पूर्ण आवाजात फुटते. पुढे वॉल्ट्झच्या चालीचा खेळकर भाग, पुन्हा दुसरी धून आणि मग पहिली, मूळच्या जी मायनरमध्ये. म्हणजे परतीच्या वाटेवर क्रम आरशासारखा उलटतो. शेवटी २०८ व्या बारपासून कोडा. त्यावर शोपाँनं ‘प्रेस्टो कॉन फुओको’ लिहिलंय, म्हणजे अतिद्रुत, आगीसह. बॅलडची सगळी ख्याती आणि दहशत या कोडाची आहे.

शिकणारा माणूस साहजिकच कोडावर तुटून पडतो. रोज तासभर, मेट्रोनोमचा काटा एकेक घर पुढे सरकवत. काही आठवड्यांनी एका विशिष्ट लयीला गाडी अडते आणि पुढे जातच नाही. मग आणखी एक तास वाढवला जातो. हा प्रकार इतका सर्वत्र आढळतो की, त्याला सरावाची नैसर्गिक अवस्थाच म्हणावं.

गाडी का अडते, याचं उत्तर हाताच्या हालचालीत आहे. सावकाश वाजवताना आपण प्रत्येक बोट वेगळं उचलतो, खाली आणतो, हात तिथेच ठेवतो आणि मग पुढच्या जागी नेतो. द्रुत लयीत यातलं काहीच घडत नाही. तिथे पाच-सहा स्वर मिळून मनगटाची आणि बाहूची एकच हालचाल होते आणि बोटं तिच्यावर स्वार असतात. चालणं वेगात करत गेलं की ते आपोआप धावणं होत नाही. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, ती चालच निराळी. म्हणून संथ सरावाची जी महती गायली जाते ती अर्धीच खरी आहे. संथ लयीत स्वर, बोटांची योजना आणि कान पक्के होतात. द्रुत लयीची हालचाल मात्र द्रुत लयीतच सापडते. ती शोधायची तर तुकडा अगदी लहान घ्यावा लागतो. चार स्वर पूर्ण वेगात आणि लगेच थांबा. हात सैल आहे का, ते पाहायचं. पुन्हा चार. मग पुढचे चार. मग पहिल्या तुकड्याचा शेवटचा स्वर पुढच्याच्या पहिल्याला जोडायचा. तबल्यावर कायदा बसवताना बोल तोडून, जोडून, पुन्हा तोडून घेतात, त्याच्या जवळचं हे काम आहे.

कोडात उजव्या हाताला दुहेरी स्वर आणि एकेरी स्वर आलटून पालटून वाजवायचे असतात, म्हणजे पंजा सतत उघडतो आणि मिटतो. उघडताना आलेला ताण मिटताना सुटला नाही तर तो साठत जातो आणि दहा-बारा बारांनंतर हात लाकडासारखा होतो. डावा हात त्याच वेळी तळाच्या स्वरावरून वरच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) आणि परत खाली, अशा उड्या मारत असतो. श्रोत्याला उजवा हात दिसतो, पण चूक बहुतेक वेळा डाव्यात जन्म घेते. डाव्याला तळाच्या स्वराचा मोह सुटत नाही, तो तिथे निमिषभर रेंगाळतो, कॉर्डवर धावत पोचतो, डोळे त्याच्याकडे वळतात आणि तेवढ्यात उजवा घसरतो. आपण दोष देतो उजव्याला आणि सरावही त्याचाच वाढवतो. यावर जुना उपाय आहे. डावा हात एकटा घ्यायचा, तळाचा स्वर वाजवताच झटक्यात कॉर्डच्या पट्ट्यांवर जायचं, पण ती वाजवायची नाही. बोटं पट्ट्यांवर टेकलेली, आवाज नाही. जागा बरोबर आहे याची खात्री झाली की मग वाजवायची. काही दिवसांनी हे न पाहता करायचं. उडीचा वेग आणि वाजवण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हाताला यातूनच कळतं.

फ्रेंच पियानिस्ट आल्फ्रेद कॉर्तो यानं शोपाँच्या रचनांच्या ज्या अभ्यासावृत्त्या तयार केल्या, त्यांचा गाभा हाच आहे. पानभर संगीत आणि खाली त्याच्या दुप्पट सूचना, असं त्यांचं रूप असतं. अवघड जागा घोटत बसण्याऐवजी तिथे असलेली अडचण वेगळी काढा आणि तिच्यावर काम करा, असा त्याचा आग्रह होता. उडी अवघड जात असेल तर उडीचे व्यायाम, दुहेरी स्वर अडत असतील तर फक्त त्यांचे. काही ठिकाणी तो अति करतो, मूळ जागेपेक्षा व्यायामच कठीण होऊन बसतात. पण निदान आधी आणि औषध मागाहून, हा त्याचा क्रम मला पटतो.

याला प्रयोगाचा आधारही आहे. २००९ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पियानोच्या सतरा प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कन्चेर्टोमधले अवघे तीन बार दिले गेले. हवा तितका वेळ सराव करा, उद्या वाजवून दाखवा, एवढीच अट. दुसऱ्या दिवशीच्या वादनाची प्रतवारी लावली तेव्हा, कोण किती मिनिटं बसलं होतं किंवा कोणी किती वेळा वाजवलं होतं, याचा क्रमांकाशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो चुकीच्या आवर्तनांशी. सर्वांत वर आलेल्यांच्या हातूनही सुरुवातीला चुका झाल्या होत्या. फरक असा की, चूक नेमकी कुठे झाली हे ते तिथल्या तिथे हेरत, लय उतरवत, तेवढीच जागा दुरुस्त करत आणि ती स्थिर होईपर्यंत पुढे जात नसत. बाकीचे चुकत, पुन्हा सुरुवातीपासून वाजवत आणि पुन्हा तिथेच चुकत. हाताला खरं-खोटं कळत नाही. जे वारंवार केलं ते त्याला पाठ होतं, मग ती चूक का असेना.

यात नुसता वेळ वाया जाण्याचा प्रश्न नाही. हात कायमचे जाऊ शकतात. शुमान स्वतः उमदा वादक व्हायचं म्हणून घरदार सोडून आला होता. विशीतच उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि तो मार्ग बंद झाला. कारणाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे, पण बोटाला ताण देणारं एक यंत्र तो वापरत असे, हे नोंदलेलं आहे. मॉस्कोत शिकत असताना स्क्रियाबिननं लिस्टची ‘डॉन जुआन’वरची रचना आणि बालाकिरेवची ‘इस्लामे’ इतकी घोटली की, उजवा हात दुखावला. मग १८९४ मध्ये त्यानं फक्त डाव्या हातासाठी एक प्रिल्यूड आणि एक नॉक्टर्न लिहिलं. विसाव्या शतकात अमेरिकेचा लिऑन फ्लायशर कीर्तीच्या शिखरावर असताना, १९६४ च्या सुमारास, त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळू लागली. तीसेक वर्षं तो मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंदाचं संचालन करत जगला. या व्याधीला फोकल डिस्टोनिया म्हणतात. तिच्यात स्नायू धडधाकट असतात, मेंदूतल्या शेजारशेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळू लागतात. फ्लायशरनं स्वतः आपल्या अतिसरावाकडे बोट दाखवलं होतं. केसांना दोरी बांधण्याच्या गोष्टी सांगताना या गोष्टीही सांगायला हव्यात.

शोपाँची स्वतःची शिकवण इथे आश्चर्य वाटावं इतकी शरीराला धरून आहे. पियानो शिकवण्यावर एक पद्धत लिहायला त्यानं घेतली होती. ती अपुरी राहिली, पण टिपणं उरली. त्यात हाताची पहिली ठेवण अशी आहे : ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, मग काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि शेवटी पांढरी सात. पेटीवर बोटं ठेवून पाहा. लांब बोटं आत असलेल्या काळ्या पट्ट्यांवर येतात, अंगठा आणि करंगळी ही आखूड बोटं पांढऱ्यांवर, आणि पंजा आपोआप गोलसर, सैल राहतो. पहिलं स्केल म्हणून तो बी मेजर शिकवी आणि सगळे जे पहिलं शिकवतात ते सी मेजर शेवटी, कारण सपाट पांढऱ्या पट्ट्यांवर हाताला कुठेच टेका मिळत नाही. सगळी बोटं सारख्या ताकदीची करण्याच्या खटाटोपालाही त्याचा विरोध होता. प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा आहे, तो बिघडवू नका, वापरा, असं त्याचं म्हणणं.

बोटाचा आवाज, हा शब्दप्रयोग पेटी वाजवणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजाचं लहानमोठेपण भात्याच्या हवेवर अवलंबून असतं, आणि भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेकडे फेकली जाते. फेकली जाते हे महत्त्वाचं, कारण तारेला भिडण्याच्या क्षणी तिचा पट्टीशी संबंध सुटलेला असतो. वादकाच्या हातात उरतो तो केवळ हातोडीचा वेग. आणि वाजताक्षणीच स्वर विरायला लागतो. म्हणजे पियानोवर ‘गाणं’ हा मुळात आभास आहे. प्रत्येक स्वर विझतो आहे आणि पुढचा स्वर आधीच्याच्या विझत्या आवाजाला शोभेल इतक्याच जोरानं आला तरच ऐकणाऱ्याला सलग ओळ वाटते. पियानोवर गायचं असेल तर गाणाऱ्यांना ऐका, असा धोशा शोपाँ विद्यार्थ्यांमागे लावी, तो यासाठी. तो स्वतः इटालियन ऑपेराचा भक्त होता.

बॅलडच्या दुसऱ्या धुनेत याची खरी कसोटी लागते. स्वर काही अवघड नाहीत, मध्यम तयारीचा विद्यार्थी ते दोन दिवसांत वाचतो. पण वरची ओळ गायची, खाली डाव्या हाताच्या पसरट स्वरावली जवळजवळ ऐकू न येतील अशा ठेवायच्या आणि उजव्याच हातातले मधले स्वरही दबलेले. एकाच पंजातल्या करंगळीनं गायचं आणि अंगठ्यानं कुजबुजायचं. याचा सराव अतिशयोक्तीनं करतात. वरची ओळ मोठ्यानं, बाकीच्या पट्ट्यांना नुसता स्पर्श, आवाजच नाही. मग उलट. मग ओळ गळ्यानं गायची आणि हातांनी फक्त साथ वाजवायची. श्वास जिथे संपतो तिथे वाक्य संपतं, आणि नोटेशनमधल्या कमानी बहुतेक तिथेच असतात.

लयीबाबत शोपाँचं एक म्हणणं अनेक शिष्यांनी नोंदवलं आहे. डावा हात वाद्यवृंदाचा संचालक, त्यानं लय सोडायची नाही. उजव्यानं हवं तसं मागेपुढे व्हावं. पाश्चात्त्य संगीतात याला रुबातो म्हणतात. त्याच्या पियानोवर मेट्रोनोम कायम असे, असंही त्याचा शिष्य मिकुली सांगतो. स्वप्नाळू, वाटेल तिथे लय ताणणारा शोपाँ ही नंतरची निर्मिती. आपल्या कानाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. ठेका स्थिर आहे आणि गायक त्याच्या पुढेमागे खेळत समेवर येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फरक इतकाच की, इथे तबलजी आणि गायक एकाच देहात आहेत. पहिल्या धुनेचा सराव करताना डाव्या हाताचा झोका एकटा वाजवून, त्यावर उजव्याची ओळ फक्त गाऊन पाहावी. दोन्ही हात एकत्र घसरत असतील तर ते लगेच उघडं पडतं. अर्थात या रचनेत लय खरोखर बदलण्याच्या जागाही आहेत आणि शोपाँनं त्या लिहून ठेवल्या आहेत. लिहिलेल्या ठिकाणी लय बदलते, बाकी ठिकाणी उजवा हात ती नुसती ताणतो.

आवाजाच्या आराखड्याचाही असाच प्रश्न आहे. दुसरी धून तीनदा येते, पहिल्यांदा कुजबुजत आणि पुढे दोनदा पूर्ण आवाजात. ए मेजरमधला तो पहिला स्फोट १०६ व्या बारला आहे, अर्धी रचनाही संपलेली नसते. तिथे वादकानं सगळं उधळलं की पुढे त्याच्याकडे फक्त गोंगाट उरतो. ख्यालाच्या पहिल्या दहा मिनिटांतच तार षड्जावर ठाण मांडणाऱ्या गायकासारखी त्याची अवस्था होते. कोडाच्या तोंडावर शोपाँनं ‘शक्य तितक्या जोरात’ अशा अर्थाची सूचना लिहिली आहे. म्हणजे त्याआधीचं सगळं यापेक्षा कमी असलं पाहिजे. हा हिशेब मागून पुढे करावा लागतो, शेवटून सुरू करून.

पेडलची गोष्ट थोडक्यात सांगतो. शोपाँचा आवडता पियानो प्लेएल कंपनीचा होता. त्याच्या पट्ट्या आजच्यापेक्षा हलक्या आणि उथळ, आवाज लवकर विरणारा. बरं नसलं किंवा मन लागत नसलं की, एरार कंपनीचा तयार आवाजाचा पियानो बरा, आणि अंगात जोम असला की स्वतःचा आवाज शोधायला लावणारा प्लेएल बरा, असं तो म्हणे. त्या पियानोसाठी लिहिलेल्या पेडलच्या खुणा आजच्या मोठ्या कन्सर्ट पियानोवर शब्दशः पाळल्या तर स्वरांचा चिखल होतो. पाय अर्धवट दाबणं, लवकर उचलणं हे कानानंच ठरवावं लागतं, आणि दालन बदललं की पुन्हा ठरवावं लागतं. आपल्या किनारपट्टीवर आणखी एक भर असते. पावसाळ्यात हातोडीचा नमदा ओल धरतो, पट्ट्या फुगून अडकतात आणि जून-जुलैत जमवलेलं सगळं नोव्हेंबरात नव्यानं ऐकावं लागतं. ज्यांच्याकडे डिजिटल पियानो आहे त्यांची यातून सुटका होते, पण पेडलचं शिक्षणही बरंचसं सुटतं.

पाठांतराबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण मैफलीत बॅलड कोसळते ती बहुधा इथे. पहिली धून तीनदा येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ती खाली सतत टोचत राहणाऱ्या एकाच तळस्वरावर येते, एकदा ई वर, एकदा डी वर. हातांची चाल जवळजवळ सारखी, चढही सारखाच. बोटांच्या भरवशावर वाजवणारा तिसऱ्या वेळी सहज दुसऱ्याच्या वाटेला लागू शकतो आणि कोडाऐवजी पुन्हा मधल्या स्फोटावर पोचू शकतो. चकवा लागलेल्या माणसासारखा तो त्याच बांधावरून पुन्हा जातो. बोटांची स्मृती ही साखळी असते, एक कडी दुसरीला ओढते. दोन साखळ्यांची एक कडी सारखी असली की, कुठे वळायचं ते बोटांना कळत नाही. तिथे डोक्यात नाव लागतं : ‘आता डी, आता शेवटाकडे.’

रॉजर चॅफिन हे मानसशास्त्रज्ञ आणि गाब्रिएला इम्रे ही पियानिस्ट यांनी याचा फार बारीक अभ्यास केला. बाखच्या इटालियन कन्चेर्टोचा तिसरा भाग इम्रे बसवत असताना तिच्या सरावाचं चित्रीकरण करून, ती कुठे थांबते, कुठून पुन्हा सुरू करते, याची नोंद ठेवली गेली. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००२ मध्ये आलं. तिच्या थांबण्या-सुरू करण्याच्या जागा रचनेच्या सांध्यांवर होत्या. हळूहळू त्यांतल्या मोजक्या जागा मनातल्या खुणा बनल्या, मैलाच्या दगडांसारख्या, जिथे ती वाजवताना जाणीवपूर्वक ‘हजर’ असे. मध्ये हात स्वतःच चालत. काही चुकलं तर पुढच्या दगडावर उडी घेता येई. बॅलडमध्ये असे पंधरा-वीस दगड निवडून, कुठल्याही दगडापासून, उलट्या क्रमानंही, सुरू करता आलं पाहिजे. हे जमत नाही तोवर रचना पाठ आहे, असं म्हणू नये. फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणता येणारं पाठांतर व्यासपीठावर टिकत नाही.

एवढं सगळं व्यावसायिक वादकांसाठी झालं. नोकरी करून, उशिरा शिकणाऱ्याचं काय? याचं एक जाहीर उदाहरण आहे. लंडनच्या ‘द गार्डियन’ दैनिकाचे तेव्हाचे संपादक ॲलन रसब्रिजर यांनी २०१० मध्ये, वयाच्या सत्तावन्नाच्या आसपास, हीच बॅलड बसवायचं ठरवलं. रोज वीस मिनिटं, तीही मिळतील तेव्हा. नेमकं तेच वर्ष विकिलीक्सचं निघालं, आणि मग फोन हॅकिंगचं प्रकरण. ठरवलेलं वर्ष उलटून गेलं, तरी शेवटी त्यांनी ती मित्रमंडळींपुढे वाजवली आणि ‘प्ले इट अगेन’ या २०१३ च्या पुस्तकात त्याची रोजनिशी दिली. जगातल्या नामवंत पियानिस्टांना भेटून प्रश्न विचारण्याची त्यांची सोय आपल्यापैकी कोणाला मिळणार नाही, हे मान्य. पण वीस मिनिटांचा भाग तर कोणालाही उपलब्ध आहे. मला त्या पुस्तकात लक्षणीय वाटतं ते हे की, वेळच नसल्यामुळे त्यांना रोज बसण्याआधी ठरवावं लागे : आज कोणते दोन बार, आणि त्यात काय दुरुस्त करायचं. सहा तास हाताशी असणारा विद्यार्थी हा प्रश्न स्वतःला विचारेलच असं नाही.

आता राहिली प्रस्तावना. ते सात बार कोणीही पहिल्या दिवशी वाजवू शकतो. दोन्ही हात एकच ओळ खाली-वर दोन सप्तकांत वाजवतात, कॉर्ड जवळपास नाहीतच. जी हा षड्ज धरला तर ही ओळ कोमल ऋषभावर, ए फ्लॅटवर उभी आहे, म्हणजे घरात न शिरता शेजारच्या ओसरीवरून कोणी बोलू लागावं तशी. ती वर चढते, उतरते, मध्ये शांतता येते. ऐकणाऱ्याला अजून घर कुठलं ते माहीत नाही. आणि अगदी शेवटी डाव्या हातात एक कॉर्ड येते : डी, जी आणि ई फ्लॅट. पेटीवर पांढरी दोन, पांढरी पाच आणि वरची काळी दोन. हा ई फ्लॅट खुपतो. शोपाँच्या हस्तलिखितात तो स्वच्छ लिहिलेला आहे, तरी काही संपादकांना तो इतका खुपला की, त्यांनी आपल्या आवृत्तीत तिथे डी छापला आणि कॉर्ड गोड करून टाकली. विकत घेतलेल्या प्रतीत काय छापलंय, ते पाहून घ्यावं लागतं. डी वाजवला तर प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळून जातं आणि पहिली धून निवांत सुरू होते. ई फ्लॅट वाजवला तर तो सुटण्यासाठी कान पुढच्या बारची वाट पाहत राहतो, आणि ती धून सुरू होते तेव्हा तिला आधीच काहीतरी टोचलेलं असतं. ती कॉर्ड किती जोरात, किती वेळ धरायची, त्यातला ई फ्लॅट इतर दोन स्वरांच्या किती वर ठेवायचा आणि पाय नेमका केव्हा उचलायचा, यावर वीस मिनिटं सहज जातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.